सैन्याचा निरोप आणि सरकारची निविदा

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

लष्कर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रणगाडे, तोफा आणि विमाने उभी राहतात. परंतु तोफ केव्हा डागायची हा निरोप वेळेवर पोचला नाही, तर ती असून नसल्यासारखीच. या कामासाठी १९११ मध्ये सैन्यात स्वतंत्र संदेशवहन दल उभे राहिले. ‘तीव्र चौकस’ हे त्याचे ब्रीद. सैन्याच्या संदेशवहनाची यंत्रे आणि तारांचे जाळे सरकार विकत कसे घेते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. कवठे येमाईसारख्या खेड्यातून आलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याचा या विषयाशी काय संबंध, असे कोणी विचारील. हा संबंध आपल्या खिशातल्या मोबाइलपर्यंत पोचतो.

बिनतारी संदेश ज्यांवरून जातात त्या रेडिओलहरी गावच्या गायरानासारख्या असतात : सर्वांना हव्या, पण वाढवता न येणाऱ्या. त्यांतला मोठा पट्टा संरक्षण दलांकडे होता. मोबाइल सेवेला लहरी कमी पडू लागल्या तेव्हा २००९ मध्ये संरक्षण मंत्रालय आणि दूरसंचार विभाग यांच्यात समझोता झाला. सैन्याने काही लहरी मोकळ्या करायच्या आणि त्याबदल्यात दूरसंचार विभागाने त्याला ऑप्टिकल फायबरचे स्वतंत्र जाळे बांधून द्यायचे. काम भारत संचार निगमाकडे सोपविले गेले. २०१० च्या थ्री-जी लिलावात सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले.

फायबर म्हणजे केसाइतका बारीक काचेचा तंतू. त्यातून प्रकाशाच्या रूपाने निरोप धावतो. बिनतारी लहर शत्रूला दुरून ऐकता येते, गोंगाट करून बुजवताही येते. जमिनीखालच्या तंतूबाबत हे फार अवघड. मात्र त्याचा खरा वैरी दूरदेशी नसतो. रस्त्याकडेला चारी खोदणारे एखादे जेसीबी यंत्र क्षणात केबल तोडते. म्हणून केबल पुरून काम संपत नाही. ती रात्रंदिवस सांभाळावी लागते.

येथेच या कंत्राटांचे वेगळेपण दिसते. संरक्षण मंत्रालयाच्या नेहमीच्या खरेदीत प्रथम गरज मान्य होते, मग प्रस्ताव मागवले जातात, तांत्रिक परीक्षण व प्रत्यक्ष चाचण्या होतात आणि शेवटी दराचा लिफाफा उघडतो. अटी पुऱ्या करणाऱ्यांत ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला सामान्यतः काम मिळते. आपल्या गावांतल्या कामांची दोन लिफाफा पद्धत हीच. पण ज्या गावची नळयोजना कमी दरात बांधली गेली आणि मोटार जळाल्यावर दुरुस्तीला कोणी आले नाही, त्या गावाला विचारा, स्वस्त म्हणजे काय. टाकी विकत घेणे वेगळे, रोज पाणी विकत घेणे वेगळे. सैन्याला केबल नको असते. न तुटणारा निरोप हवा असतो. तेव्हा दरपत्रकाइतकेच महत्त्व देखभालीच्या कलमाला असले पाहिजे. बिघाड किती तासांत दुरुस्त होईल, सुटे भाग किती वर्षे मिळतील, न केल्यास दंड किती, या प्रश्नांची उत्तरे तेथे हवीत.

ही समज नव्या कंत्राटांत दिसते. २०१८ मध्ये पुण्याच्या स्टरलाइट टेक्नॉलॉजीज या कंपनीला भारत संचार निगमाकडून नौदलाच्या जाळ्याचे सुमारे ३,५०० कोटींचे काम मिळाले, ते आराखडा करणे, उभारणे आणि सांभाळणे असे तिहेरी होते. २०२० मध्ये भूदलाच्या ‘अ‍ॅस्कॉन’ जाळ्याच्या चौथ्या टप्प्याचे ७,७९६ कोटींचे काम आयटीआय या सरकारी कंपनीला ३६ महिन्यांच्या मुदतीने देण्यात आले.

तरीही चिंता उरते. लहरींच्या बदल्यात उभारावयाच्या जाळ्यासाठी जुलै २०१२ मध्ये १३,३३४ कोटी मंजूर झाले होते. मे २०१८ मध्ये आणखी ११,३३० कोटी वाढवावे लागले आणि एकूण आकडा २४,६६४ कोटींवर गेला. काम पुरे करण्यासाठी आणखी २४ महिने ठरले. म्हणजे लहरींचा लिलाव होऊन आठ वर्षे लोटली, तरी सैन्याच्या पदरात पूर्ण जाळे पडले नव्हते. सौद्यात एका बाजूचे देणे लवकर पदरात पडले आणि दुसऱ्या बाजूचे रेंगाळले, असेच म्हणावे लागेल.

संरक्षणाचे सर्व कागद उघड करता येत नाहीत, हे मान्य. माहितीच्या अधिकारालाही तेथे मर्यादा आहे. परंतु केबल कोठून जाते हे गुप्त ठेवणे आणि तिला उशीर का झाला हे झाकणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली सुरक्षितता, दुसरी बेफिकिरी. किंमत, मुदत आणि दंड यांचा हिशेब संसदेने व महालेखापालांनी मागावा, आणि आपण नागरिकांनी तो वाचावा. आपल्या गावाकडे बोलता येते ते काही अंशी सैन्याने आपल्या वाट्याच्या लहरी सोडल्या म्हणून. सीमेवरच्या जवानाचा निरोप अडू नये, एवढी फेड तरी आपण मागितली पाहिजे, असे मला वाटते.