गिळायचा कॅमेरा

पोटात कॅमेरा जातो हे खरे वाटेल का? इस्रायलचे इंजिनियर गाव्रिएल इद्दान क्षेपणास्त्रांचे कॅमेरे बनवत. त्यांनी गिळायच्या कॅमेऱ्याची कल्पना काढली. २००१ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. पहिली गोळी २६ मिलिमीटर, भुईमुगाच्या शेंगेएवढी. आत दिवे, कॅमेरा अन् बॅटरी. सेकंदाला दोन, आठ तासांत पन्नास हजारांवर फोटो! ते कमरेच्या पट्ट्यातल्या यंत्रात साठतात. गोळी शौचावाटे बाहेर पडते.

हे आजीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "अन् अडकली तर रे?" मी हसलो. पण गुरुजी म्हणाले, आजीचे बरोबर आहे. आतडे अरुंद असले तर गोळी खरेच अडकते, कधी ऑपरेशन करावे लागते. म्हणून शंका असेल तर आधी विरघळणारी खोटी गोळी देऊन बघतात.

आजी म्हणाली, "मग मला आधी खोटीच द्यायला सांग."