एक-चार, दोन-तीन

तुझा फोटो बघितला गं. टाकी खाली, वायरींचा गुंता वर, आणि त्याखाली एकच शब्द, "संपलं". काही संपलेलं नाही. आधी चहा टाक, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेव आणि मग माझं ऐक.

तुझी होंडा सीबी ७५० आहे १९७५ ची, म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकर पॉइंटवाली. १९६९ ला ही गाडी पहिल्यांदा आली तेव्हापासून हिला सिलिंडर चार, पण कॉइल दोनच. गाडीवर बसलीस की डाव्या हाताला येतो तो एक नंबर, तिथून उजवीकडे मोजत जा. एका कॉइलवर एक आणि चार, दुसरीवर दोन आणि तीन. शेजारी बसलेत म्हणून एक-दोनची जोडी लावायला जाशील तर फसशील. पंगतीच्या दोन टोकांना बसलेल्या जावा कशा, एकमेकींकडे बघणार नाहीत पण उठतील बरोब्बर एकाच वेळी! तसे एक आणि चारचे पिस्टन एकदमच वर येतात. एकात पेट्रोल-हवा दाबलेली असते, दुसऱ्यात जळलेला धूर बाहेर चाललेला असतो. कॉइल दोघांनाही ठिणगी देते, धुरातली फुकट जाते. जाऊ दे, तिचं एवढं मनावर घ्यायचं नाही.

आणि म्हणूनच, खरं सांगू का, एका कॉइलच्या दोन जाड वायरींतली एकला कुठली आणि चारला कुठली, याचा घोर नको. जी पुरेल ती लाव. मनावर घ्यायच्या त्या बारीक वायरी. काळी-पांढरी दोन्ही कॉइलना येते, तो किल स्विचमधून आलेला बॅटरीचा करंट. उरलेल्या टोकाला निळी लागते ती एक-चारच्या पॉइंटची, पिवळी लागते ती दोन-तीनच्या पॉइंटची. पण बघ, पन्नास वर्षांत कुणी कुणी हात मारलेत देव जाणे. रंगावर विसंबू नकोस, मल्टिमीटर लावून वायर पॉइंटपर्यंत शोधत जा.

मी काय केलं होतं माहितीये? एक आणि दोनच्या प्लगच्या टोप्या उलट्या लावल्या. आणि दुर्दैव असं की गाडी सुरू झाली! दोनच सिलिंडरवर घरघरत होती, मधूनच कार्ब्युरेटरमधून फटाका. न्यू जर्सीच्या गारठ्यात मी दोन शनिवार कार्ब्युरेटर घासत बसले. शेवटी वैतागून, भाकरीच्या तव्यावर मारतो तसा पाण्याचा हात चारही बेंड पाइपांवर मारला. तीन आणि चारवर चर्र झालं, एक आणि दोनवर थेंब नुसते ओघळले. टोप्या बदलायला दहा सेकंदही लागले नाहीत.

दुसरा पराक्रम म्हणजे किल्ली चालू ठेवून आईशी पाऊण तास फोनवर बोलले. इंजिन बंद असताना एखादा पॉइंट मिटलेला राहिला की करंट त्या कॉइलमधून वाहतच राहतो. परत आले तर कॉइलवर पापड भाजून निघाला असता, बॅटरीही आडवी. तेव्हा तपासणी झाली की किल्ली बंद, फोन कुणाचाही असो.

तपासणीही फार नाही. बॅटरी सुटलेली आहे तोवर कॉइलच्या बारीक टोकांवर ओहम मोज, साधारण चार-पाच यावेत आणि दोन्हींचे सारखे. मग बॅटरी जोडून काळ्या-पांढऱ्या वायरीवर व्होल्ट बघ. बॅटरीपेक्षा दीड-दोन कमी दिसले तर कॉइलला नावं ठेवू नकोस, किल स्विचचे नाहीतर फ्यूजचे पॉइंट काळवंडले असतील. ठिणगी बघताना प्लग टोपीत घालून इंजिनच्या धातूला टेकवून ठेव. हातात धरायचा नाही! मी धरला होता, कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

टाकी एवढ्यात चढवू नकोस. कार्ब्युरेटरच्या वाट्यांत उरलेल्या पेट्रोलवर गाडी मिनिटभर तरी चालेल. तेवढ्यात पाण्याचा हात मार. चार वेळा चर्र झालं की मला फोन कर, कितीही वाजलेले असू देत. तुझ्या आईला मात्र इतक्यात काही बोलू नकोस, तिला अजून वाटतंय तू स्कूटी घेतलीस.