वकील जेव्हा मध्यस्थ होतो

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपण सर्वच म्हणतो. परंतु वाडवडिलांच्या घरात हिश्शाचा प्रश्न उभा राहिला, म्हणजे शहाणासुद्धा कागदांचे गाठोडे घेऊन पेडण्याहून वा डिचोलीहून पणजीतील वकिलाची कचेरी गाठतो. अशा वेळी अनुभवी वकील दावा लावण्याखेरीज आणखी काय करू शकतो, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे.

प्रथम लवाद आणि मध्यस्थ यांतील भेद पाहू. लवाद दोन्ही बाजू ऐकून निवाडा देतो. एकोणिसाव्या शतकात पुण्याचे वकील गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी लवाद कोर्टासाठी खटपट केली, ती याच हेतूने. मध्यस्थ मात्र निवाडा देत नाही. उभयपक्षांनी आपली तोड आपणच काढावी, एवढ्यापुरते त्याचे साहाय्य.

हे दोन्ही प्रकार एकाच प्रकरणात दिसतात. १८९३ साली तरुण बॅरिस्टर गांधी दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यासाठी दक्षिण आफ्रिकेस गेले. प्रतिपक्षी तय्यब शेठ हे त्यांचेच आप्त. दावा ४०,००० पौंडांचा. गांधींच्या आग्रहाने प्रकरण लवादाकडे गेले आणि दादा अब्दुल्लांना सुमारे ३७,००० पौंड व खर्च मिळावा असे ठरले. येथे वकिलाचे काम संपले असते. परंतु एवढी रक्कम एकदम भरावी लागली, तर तय्यब शेठ धुळीस मिळाले असते. गांधींनी आपल्याच अशिलाचे मन वळवून लांब मुदतीचे हप्ते मान्य करविले. लवादाने जे दिले नाही, ते मध्यस्थीने साधले. पुढील वीस वर्षांच्या वकिलीत शेकडो तंटे आपसात मिटविल्याचे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे.

आज या कामास कायद्याचा आधार आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ नव्या रूपात १ जुलै २००२ पासून अमलात आले. त्यान्वये न्यायालय योग्य तो दावा मध्यस्थीकडे पाठवू शकते. २०२३ साली संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही केला. न्यायालयीन मध्यस्थ होण्यासाठी मुरलेल्या वकिलासही ४० तासांचे शिक्षण घ्यावे लागते; कारण जिंकण्याची सवय सोडणे, हाच त्यातील कठीण धडा.

समजा, पेडण्यातील एका घरावरून व भाटावरून दोघे भाऊ आणि डिचोलीस दिलेली बहीण यांच्यात तंटा आहे. मध्यस्थ प्रत्येकाशी निरनिराळे बोलतो आणि एकाने विश्वासाने सांगितलेले त्याच्या संमतीवाचून दुसऱ्यास सांगत नाही. तेव्हा कळते, की धाकट्यास पैशाची निकड आहे, थोरल्यास घर हवे आहे आणि बहिणीस चवथीला माहेरचे दार उघडे हवे आहे. कोर्ट हिस्से पाडील. दार उघडे ठेवणे त्याच्या हाती नाही.

तथापि सावधगिरी हवी. बहीण गोडीखातर सही करावयास निघाली, तर तिला आपला हक्क ठाऊक आहे काय? १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे गोव्यात मुलामुलींचा वारसाहक्क समान होता, आणि २०१६ पासून अमलात असलेल्या गोव्याच्या वारसा कायद्यानेही तो समानच आहे. हक्क जाणून सोडणे ही उदारता; न जाणता सोडणे ही फसगत. म्हणून सही करण्यापूर्वी तिने स्वतःच्या वकिलाचा सल्ला घ्यावा, असे सांगून बैठक थांबविणारा मध्यस्थच खरा अनुभवी. तसेच जेथे मारहाण वा खोटा दस्तऐवज असेल, तेथे मध्यस्थीचा आग्रह धरू नये; न्यायालयाचा मार्गच योग्य.

वकिलाने किती दावे जिंकले, हे दप्तरावरून कळते. त्याने किती घरे एकत्र राखली, याची नोंद कोठेच होत नाही. ती चवथीच्या दिवशी माटोळीखाली जमलेल्या माणसांवरून ओळखावी.