बिडी-सिगारेट सोडण्यासाठी ई-सिगारेट घ्यावी का?



मेहकर तालुक्यातील डोणगाव हे जुन्या नागपूर–मुंबई रस्त्यावरचे गाव. अशा गावांतील आपली मुले पुणे, मुंबई, संभाजीनगरला कंपनीत किंवा बांधकामावर कामाला जातात आणि सणाला, जयंतीला घरी येतात. येताना कोणाच्या खिशात पेनसारखे एक यंत्र असते. ओढले की धूर निघतो, पण जळका वास येत नाही. त्याला कोणी व्हेप म्हणते, कोणी ई-सिगारेट. मग घरात विषय निघतो : "बाबांची बिडी काही केल्या सुटत नाही. त्यांना हे आणून दिले तर सुटेल का?"

हा प्रश्न बापाच्या काळजीतून आलेला आहे. म्हणून "वाईट आहे, हात लावू नका" एवढे सांगून आम्ही तो टाळणार नाही.

ई-सिगारेट म्हणजे काय?

आजची ई-सिगारेट २००३ च्या सुमारास चीनमधील होन लिक या औषधनिर्मात्याने तयार केली. तिच्यात बॅटरी, तापणारी तार आणि एक द्रव असतो. द्रवात बहुधा निकोटिन, ग्लिसरीनसारखी रसायने आणि सुगंध असतात. तार तापली की द्रवाचे बारीक कण हवेत मिसळतात आणि तेच छातीत ओढले जातात. ही पाण्याची वाफ आहे असे सांगून काही लोक ती विकतात. ते खोटे आहे.

बिडीशी तिचा फरक काय, हे समजून घेऊ. माणसाला बिडी धरून ठेवायला लावते ते निकोटिन. बिडी ओढल्यावर काही सेकंदांत ते मेंदूपर्यंत पोहोचते. पण कर्करोग, दमा आणि हृदयविकार यांचे मोठे कारण आहे जळणाऱ्या तंबाखूचा धूर. त्यात डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि शेकडो विषारी पदार्थ असतात. ई-सिगारेटमध्ये काही जळत नाही, म्हणून तिच्या धुरात ही विषे बिडीपेक्षा कमी असतात. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. निकोटिन तर तसेच राहते, त्यामुळे सवयही तशीच राहते.

परदेशात काय दिसले?

इंग्लंडमध्ये डॉक्टर सिगारेट सोडू पाहणाऱ्याला ई-सिगारेट वापरू देतात. २०१९ साली तिथे ८८६ लोकांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना ई-सिगारेट दिली, अर्ध्यांना निकोटिनचे च्युइंग गम, पट्टी वगैरे औषधे दिली. वर्षानंतर ई-सिगारेटवाल्यांपैकी १०० मागे १८ जणांची सिगारेट सुटलेली होती, औषधवाल्यांपैकी १०० मागे सुमारे १० जणांची. म्हणजे ई-सिगारेटचा उपयोग झाला, हे मान्य करावे लागेल.

पण त्याच अभ्यासातील आणखी तीन गोष्टी पाहा. ई-सिगारेट घेऊनही १०० पैकी ८२ जणांची सिगारेट सुटली नाही. ज्यांची सुटली, त्यांतील सुमारे ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. औषधाने सोडणाऱ्यांपैकी मात्र फक्त ९ टक्के लोक वर्षानंतर औषध घेत होते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : दोन्ही गटांना किमान चार आठवडे दर आठवड्याला समुपदेशकाची सोबत मिळत होती. नुसते यंत्र हातात देऊन कोणाला सोडून दिलेले नव्हते.

शिवाय इंग्लंडमध्ये द्रवातील निकोटिनला कायद्याची मर्यादा आहे. तरीही शाळकरी मुले व्हेपच्या नादी लागली, आणि १ जून २०२५ पासून तिथे एकदा वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद करावी लागली. जागतिक आरोग्य संघटनाही ई-सिगारेटला व्यसन सोडवण्याचे साधन म्हणून पाठिंबा देत नाही.

मग आपल्याकडे का नको?

पहिले कारण कायदा. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेचा कायदा झाला. भारतात ई-सिगारेट बनवणे, आयात करणे, वाहून नेणे, विकणे, वाटणे, साठवणे आणि तिची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. साठवणे सोडून बाकीच्या गुन्ह्यांसाठी पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. शहरातून मित्रांसाठी चार नग आणणाऱ्या मुलाला वाटते, आपण फक्त दोस्ती निभावतो. पोलिसांच्या कागदावर तो वाटप करणारा ठरू शकतो. आपल्या घरातील मुलासाठी एक केस म्हणजे नोकरीचा, भरतीचा, पासपोर्टचा प्रश्न. हे त्याला आजच सांगा.

दुसरे कारण भेसळ. विक्रीवर बंदी असल्याने जो माल मिळतो तो चोरट्या मार्गाने आलेला असतो. त्यात निकोटिन किती, दुसरे काय मिसळले, हे कोणी तपासत नाही. अमेरिकेत २०१९ साली व्हेप ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा गंभीर आजार होऊ लागला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. त्यांतील बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेला, अनधिकृत मार्गाने मिळालेला माल ओढला होता आणि त्यात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट नावाचे तेलकट रसायन मिसळलेले सापडले. तपासणी नसलेला माल छातीत ओढला की काय होते, हे त्यावरून कळते.

तिसरे कारण घरातील लेकरे. निकोटिनचा द्रव लहान मुलाने गिळला तर विषबाधा होते. फळांच्या आणि चॉकलेटच्या वासामुळे पोरांचे कुतूहल वाढते. ज्याने कधी बिडीला हात लावला नाही तो मुलगा व्हेपने सुरुवात करतो. वाढत्या वयातल्या मेंदूला निकोटिनची सवय लवकर लागते.

चौथे कारण आपल्या व्यसनाचे स्वरूप. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील लोकांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करत होते, तर २४.४ टक्के तंबाखू तोंडात धरत होते. म्हणजे आपला खरा शत्रू चुना-तंबाखू, खर्रा, गुटखा, मिश्री हा आहे. ई-सिगारेटकडे त्याचे उत्तर नाही. बिडी सोडून खर्रा धरला, तरी व्यसन सुटलेले नसते. फुप्फुसाऐवजी तोंड पणाला लागते, एवढेच.

बिडी हलकी नसते

"सिगारेट वाईट, बिडी पानाची, साधी" असा समज वस्तीत अजून आहे. बिडीला फिल्टर नसतो. तेंदूच्या पानातून हवा कमी जाते आणि ती सारखी विझते, म्हणून माणूस जोरात आणि वारंवार झुरके घेतो. तिच्या धुरात निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकेच किंवा जास्त असते. धूर घेणाऱ्याला टीबी होण्याचा आणि त्यातून दगावण्याचा धोकाही अधिक असतो. एका खोलीच्या घरात बाप बिडी ओढतो तेव्हा गरोदर सून आणि नातवंडेही तोच धूर घेतात.

मोजून मिळणारे निकोटिन

परदेशात ई-सिगारेटकडून जी मदत झाली ती दोन गोष्टींमुळे : धुराशिवाय निकोटिन आणि दर आठवड्याची विचारपूस. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे कायदेशीर मार्गाने मिळतात.

निकोटिनचे २ मिलिग्रॅमचे च्युइंग गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. ४ मिलिग्रॅमचे गम मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावे. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली बिडी लागते त्याचे व्यसन पक्के समजावे. त्याने आधी डॉक्टरांना विचारावे.

गम खाण्याची पद्धत साध्या च्युइंग गमसारखी नाही. हळूहळू चावा. तिखट, झिणझिण्या आल्यासारखे वाटले की चावणे थांबवून गम गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवा. झिणझिण्या कमी झाल्या की पुन्हा थोडे चावा. असे अर्धा तास करा. भराभर चावून लाळ गिळली तर उचकी लागते, पोटात जळजळते आणि माणूस म्हणतो, "हे काही कामाचे नाही." गमच्या १५ मिनिटे आधीपासून आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू-सरबत घेऊ नका, नाहीतर निकोटिन अंगात नीट जात नाही. पहिले काही आठवडे एक-दोन तासांनी एक गम, नंतर कमी करत साधारण १२ आठवड्यांत बंद करायचे. दात पडलेल्यांसाठी अंगावर लावायची निकोटिनची पट्टी असते. गरोदर बायकांनी, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि १८ वर्षांखालील मुलांनी डॉक्टरांशिवाय काही घेऊ नये. चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्याही आहेत, त्या डॉक्टरच ठरवतील.

खर्चाचा हिशेब घरीच करा. बिडी-तंबाखूवर दिवसाला ३० रुपये जात असतील तर वर्षाला १०,९५० रुपये होतात. गमचा खर्च तीन महिन्यांत संपतो, बिडीचा संपत नाही.

विचारपूस कोण करणार?

तंबाखूच्या पुडीवर आणि बिडी-सिगारेटच्या पाकिटावर एक नंबर छापलेला असतो : १८००-११-२३५६. ही सरकारची मोफत सेवा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही तिचे केंद्र आहे आणि मराठीत बोलता येते. समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवायला मदत करतात आणि पुन्हा फोन करून चौकशीही करतात. ज्याला वाचता येत नाही त्याला हा नंबर लावून द्या, बोलायला त्यालाच द्या. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, मेहकरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात गेल्यावर डॉक्टरांना स्पष्ट सांगा : "मला तंबाखू सोडायची आहे." दुसऱ्या आजारासाठी गेलात तरी हे वाक्य बोला.

दुसरी सोय आपल्या विहारात आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात वस्तीतील माणसे रोज जमतात, ग्रंथवाचन होते. हे तीन महिने म्हणजे जवळजवळ तेच बारा आठवडे. आपण पाचवे शील घेतो तेव्हा बहुतेकांच्या मनात दारू असते, खिशातली पुडी तिथेच राहते. या वर्षावासात चार-पाच जणांनी एकत्र तारीख ठरवावी आणि वाचनानंतर एकमेकांना फक्त एवढे विचारावे : "आजचा दिवस कसा गेला?" एकट्याने लढण्यापेक्षा हे सोपे जाते.

सोडताना काय होते?

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड होते, झोप लागत नाही, भूक वाढते, लक्ष लागत नाही. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरते. तलफ उठली तरी ती काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ काढायचा : घोटघोट पाणी प्या, बडीशेप किंवा भाजलेले फुटाणे तोंडात टाका, टपरीकडे न जाता दुसऱ्या रस्त्याने चक्कर मारा. चहाबरोबर बिडी लागत असेल तर काही दिवस चहाची जागा बदला. ठरलेल्या तारखेच्या आदल्या रात्री घरातील बिडी, काडेपेटी, चुन्याची डबी बाहेर काढा.

फायदा लगेच सुरू होतो. दोन-तीन दिवसांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड उतरतो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्मा होतो. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका निम्म्यावर येतो. साठीच्या माणसालाही सोडण्याचा फायदा होतोच.

घरच्यांना एक विनंती. पुन्हा एकदा ओढली म्हणून चारचौघांत अपमान करू नका. बहुतेकांना एकापेक्षा जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो. कुठे घसरले ते पाहा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करा. जे आज व्हेप ओढत आहेत त्यांनाही हाच नंबर आणि हेच डॉक्टर आहेत. व्हेप सोडायची म्हणून परत बिडीकडे मात्र जाऊ नका.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तोंड पूर्वीइतके उघडत नाही, किंवा दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला, तर वाट पाहू नका. दवाखान्यात दाखवा.

बाबांसाठी शहरातून काही आणायचेच असेल, तर व्हेप आणू नका. गम आणा, त्यांच्याशेजारी बसून १८००-११-२३५६ लावून द्या, आणि पुढचे बारा आठवडे दर आठवड्याला फोन करून विचारा.

जयभीम, नमो बुद्धाय.