दोन बुधा, एक वंशावळ

मूल, सावली, सिंदेवाही, पोंभुर्णा या पट्ट्यातले लोक माझ्याकडे वंशावळ लावून मागायला येतात. बहुतेकांना ती जात पडताळणीसाठी हवी असते, काहींना जमिनीच्या वाटणीसाठी. एखादाच म्हणतो, ‘सर, आपलं मूळ कुठचं ते कळलं पाहिजे.’ शाळेत असताना दाखल-खारीज रजिस्टर माझ्या ताब्यात असायचं. त्यामुळे निवृत्तीनंतर हे काम आपोआप अंगावर आलं. यात एकच आजार पुन्हा पुन्हा दिसतो. एका नावाची दोन माणसं वंशावळीत एक होऊन बसतात, नाहीतर एकाच माणसाची दोन होतात. हा गुंता सोडवताना जे हाती लागलं ते लिहितो. कुटुंबांच्या उदाहरणांतली नावं अर्थातच बदललेली आहेत.

१. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं समजू नका.

आपल्या झाडीपट्टीत सोमवारी झाला तो सोमा, मंगळवारी झाला तो मंगरू, मग बुधा, मग सुकरू. आठवड्याचे वार सातच, त्यामुळे एका गावात एकाच वेळी तीन बुधा असणं हे नवल नाही. त्यातून आजा गेला की नातवाला त्याचंच नाव. म्हणजे ‘बुधा वल्द सोमा’च्या घरात दोन पिढ्यांनी पुन्हा ‘बुधा वल्द सोमा’ उभा! आडनावाचा आधार घ्यावा तर जुन्या कागदांत बहुधा ते नसतंच. नाव, बापाचं नाव आणि जात एवढ्यावर नोंद संपते. आणि आडनाव असलं तरी मडावी, आत्राम, कुमरे ही गोत्रनावं. ती अख्ख्या गावाची असू शकतात. मेश्राम किंवा गेडाम तर गोंडांतही सापडतात आणि बौद्ध कुटुंबांतही.

राजघराणीही यातून सुटलेली नाहीत. नागपूरच्या भोसल्यांत रघूजी तीन झाले, आणि साल न पाहता नुसतं ‘रघूजीच्या काळची सनद’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, ‘कोणत्या?’

२. आजपासून मागे चला. राजापासून पुढे येऊ नका.

येणाऱ्याला सुरुवात नेहमी वरून करायची असते. आडनाव शेडमाके असेल तर थेट १८५८ च्या उठावातल्या बाबूराव शेडमाक्यांपासून, नाहीतर चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांपासून. बाबूरावांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात फाशी झाली. त्यांचा अभिमान सगळ्यांनीच बाळगावा. पण अभिमानाने वंशावळीतल्या मधल्या चार पिढ्या भरून निघत नाहीत.

वरून खाली येण्याचा धोका खुद्द चांद्याच्या राजांच्या यादीत दिसतो. मेजर लूसी स्मिथ या बंदोबस्त अधिकाऱ्याने १८६९ च्या अहवालात ही यादी दिली. इ. स. ८७० च्या भीम बल्लाळ सिंहापासून ती सुरू होते आणि १७५१ मध्ये भोसल्यांनी ज्याच्याकडून चांदा घेतला त्या नीलकंठ शहापाशी संपते. पावणेनऊशे वर्षांत राजे मात्र वीसच्या आसपास, म्हणजे दर राजाला सरासरी चाळीस-पंचेचाळीस वर्षं. सलग इतक्या राजांनी इतकी दीर्घ राज्यं करावीत, हे कोणत्याही घराण्यात घडत नाही. मधली नावं गळाली असावीत, किंवा आरंभाचं सालच फार मागे ढकललं गेलं असावं. शिवाय ‘बल्लाळ’ हे नाव यादीत पुन्हा पुन्हा येतं, त्यामुळे एकाचा पराक्रम दुसऱ्याच्या खात्यावर जाणं सोपं. अशा यादीत पाय टेकायला जागा मिळते ती बाहेरच्या कागदात. ‘ऐन-ए-अकबरी’त चांद्याच्या बाबाजी या गोंड राजाचा उल्लेख आहे, एक हजार घोडदळ आणि चाळीस हजार पायदळ बाळगणारा म्हणून. यादीतला बाबाजी बल्लाळ शहा तोच. इथे घराण्याबाहेरच्या माणसाने, त्याच काळात, स्वतःच्या कामासाठी नोंद केली आहे. तुमच्या पणजोबासाठीही असाच कागद शोधायचा.

३. कोतवाल बुकावर विश्वास ठेवा, पण त्याला न विचारलेलं त्याच्या तोंडी घालू नका.

गावच्या जन्म-मृत्यूची नोंद कोतवालाने ठेवायची ही आपल्याकडची जुनी पद्धत. जातीच्या पुराव्यात या नोंदीला वजन असतं, कारण तेव्हा ती कोणी सवलतीसाठी करून घेतलेली नव्हती. पण जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं. अमक्याच्या घरी, अमक्या जातीचा, एक मुलगा झाला, एवढंच असतं. त्याच बापाला चार मुलगे असतील तर ही नोंद तुमच्या आज्याची की त्याच्या लहानपणीच वारलेल्या भावाची? नक्कल काढून आणणारा दलाल हा प्रश्न कधीच विचारत नाही. बापाचं नाव जुळलं की तो कागद लावतो. मी मृत्यूची पानंही काढायला सांगतो. त्या भावाच्या मरणाची नोंद दोन-तीन वर्षांनी पुढे सापडली, तर उरलेला कोण ते आपोआप कळतं.

४. माणूस सापडत नसेल तर त्याचं वावर शोधा.

सगळ्यात जास्त गुंते मी याच धाग्याने सोडवले, म्हणून इथे जरा थांबतो.

एका कुटुंबात काका आणि पुतण्या यांच्या प्रकरणांत दोन वेगळ्या वंशावळी लागल्या होत्या. कुटुंब माना जमातीचं. दोन्ही वंशावळींच्या वरच्या टोकाला ‘बुधा वल्द सोमा’. पण काकाच्या कागदात त्या बुधाची जात ‘गोंड’, पुतण्याच्या कागदात ‘माना’. जात पडताळणी समितीने विचारलं, तुमच्या पणजोबाच्या जाती दोन कशा? प्रश्न बरोबरच होता.

असं का झालं हे समजायला थोडा इतिहास हवा. माना ही जमात अनुसूचीत गोंडांच्याच नोंदीत आहे. त्यामुळे माना स्वतंत्र की गोंडांची पोटजमात, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माना ही स्वतंत्र जमात असल्याचा निकाल दिला. त्याआधीच्या काळात कोणीतरी काकाला ‘जुना कागद गोंडाचा असला तर बरं’ असा सल्ला दिला होता. गावात त्याच नावाचा, त्याच बापाच्या नावाचा गोंड बुधा होताच. त्याची नक्कल निघाली आणि फाइलला लागली. काकाचा काही डाव नव्हता. नाव बघून त्यालाही ती आपलीच वाटली.

नावांनी हा पेच सुटणारच नव्हता. मग मालगुजारीच्या काळचे बंदोबस्ताचे कागद, पी-१ पत्रक आणि १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी असं सगळं एकाखाली एक मांडलं. गोंड बुधाच्या नावावर तलावाखालचा एक खसरा नंबर. कोतवाल बुकात त्याचा मृत्यू १९४० च्या आधीचा. त्यानंतर त्याच नंबरावर त्याच्या बेवेचं नाव चढलेलं. माना बुधाचा खसरा नंबर पूर्ण वेगळा, गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि अधिकार अभिलेखात तो हयात. पुढे त्याच नंबरावर फेरफाराने तीन मुलांची नावं आली, त्यातला मधला म्हणजे या पुतण्याचा आजा. शाळेच्या रजिस्टरात आज्याचा दाखला स्वातंत्र्याच्या आसपासचा, पालक म्हणून बुधाची निशाणी. गोंड बुधा तर तेव्हा मरून बरीच वर्षं झाली होती. मेलेला माणूस पोराला शाळेत घालायला येत नाही.

मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला संपली, कागदांचे नमुने बदलले, सर्वे-गटांचे नंबरही पुढे बदलले. म्हणून जुना नंबर आणि नवा नंबर यांचा मेळ घालणारा कागद आधी मागा. तो मिळाला की अर्धं काम झालं.

५. गाव तिथेच राहतं, जिल्हा बदलतो.

मूल ही इंग्रजी काळात तहसील होती. १८९५ मध्ये मूलचं ठाणं चांद्याला गेलं आणि १९०५ मध्ये गडचिरोली तहसील निघाली. नंतर मूल पुन्हा तालुका झालं. आपण मध्य प्रांतात होतो, मग मध्य प्रदेशात, १९५६ पासून मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. चांद्याचं चंद्रपूर झालं, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. एकाच माणसाचा जन्म, शाळा आणि मृत्यू तीन ठिकाणच्या कागदांत दिसतो आणि लोक त्याची तीन माणसं करतात.

उलटही होतं. डोंगरगाव, नवेगाव, चिखली ही नावं या भागात कितीतरी गावांना आहेत. नावापुढे माल, चक, तुकुम, रीठ काय लागलंय ते नीट वाचा. रीठ म्हणजे उजाड मौजा. तिथलं कुटुंब शेजारच्या गावात गेलेलं असणार आणि पुढच्या नोंदी तिकडेच सापडणार.

६. म्हातारा ‘तो माझा भाऊ’ म्हणाला की विचारा, कोणत्या नात्याने?

गोंडांत चार, पाच, सहा, सात देवांची मांडणी असते. एकाच देवसंख्येचे लोक एकमेकांना भाऊ मानतात आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणून आजोबांनी त्या अर्थाने सांगितलेला ‘भाऊ’ वंशावळीत सख्खा होऊन बसतो. परधानांचंही तसंच. किंगरीवर ते कुळाची कथा गातात ती मोलाचीच, पण ती गोत्राची कथा असते. त्यातून तुमचा खापरपणजा निघत नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. सतराव्या शतकात इंग्लंडातून मॅसॅच्युसेट्सला गेलेल्या प्युरिटन लोकांच्या वंशावळींत हाच घोळ आहे. चर्चचे सभासद एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणत, ते पुढच्या लोकांनी सख्खे भाऊ केले. एका गावात दोन जॉन असले की वयाने मोठ्याला ‘सीनियर’ आणि धाकट्याला ‘ज्युनियर’ लिहीत. त्यांचं नातं असो वा नसो, लोकांनी त्यांना बाप-लेक केलं. मोठा वारला की कालचा ज्युनियर आजचा सीनियर व्हायचा, तो गोंधळ आणखी वेगळा. जेम्स सॅव्हेजने १८६० ते १८६२ मध्ये या कुटुंबांचा चार खंडांचा कोश काढला. पुढे डोनल्ड लाइन्स जेकबस याने १९२२ मध्ये त्रैमासिक सुरू केलं आणि असे कित्येक जोड उसवले. त्याची रीत साधी होती: मृत्युपत्र पाहा, जमिनीचा दस्त पाहा, बायकोचं नाव पाहा. आपल्या नोंदींतले ‘मोठा बुधा’ आणि ‘लहान बुधा’ असेच वाचावे लागतात.

७. बाईला विसरलात तर वंशावळ चुकलीच.

नवरा वारला, बाईने पाट लावला, पोरगं सोबत आलं. शाळेत नाव लागलं ते दुसऱ्या बापाचं. लमझेना राहिलेला जावई सासऱ्याच्या घरी कसतो, म्हणून नोंदीत त्याला मुलगा लिहून टाकतात. दत्तकात तर नावही बदलतं. नागपूरचे तिसरे रघूजी जन्माने गुजर घराण्यातले बाजीबा. ते दुसऱ्या रघूजीच्या मुलीच्या वंशातले आणि १८१८ मध्ये गादीवर येताना रघूजी झाले. राजवाड्यातलं सगळ्यांना ठाऊक असतं. तुमच्या घरातलं फक्त आत्याला ठाऊक असतं, आणि आत्याला कोणी विचारत नाही.

८. एक जुलै ही आपल्या अर्ध्या तालुक्याची जन्मतारीख आहे.

आम्ही मास्तरांनीच ती लिहिली. तिच्यावरून माणूस ओळखू नका. वयाचा मेळ मात्र घाला. बाप आणि मुलगा यांच्यात दहा वर्षांचं अंतर निघालं तर कुठेतरी दोन माणसांची गल्लत झाली आहे.

भोसलेकालीन कागद मिळालाच तर सनाकडे बघा. दक्षिणी फसली असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवायचे, सुहूर असेल तर ५९९ किंवा ६००.

९. पडताळणीच्या तारखा पाठ करा.

अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा कागद हवा. सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची, आणि खोट्या दाव्याला २००० च्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षं कैद आहे. म्हणून चुलत घराण्यातलं वैधता प्रमाणपत्र जोडण्याआधी ते घराणं खरंच आपलं आहे का ते बघा. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागल्यापासून तयार वंशावळी विकणारे राज्यभर वाढले आहेत. त्यांच्या वंशावळीत एकही रिकामी जागा नसते. मला तिथेच संशय येतो.

१०. जुना दाखला लॅमिनेट करू नका.

प्लॅस्टिकच्या उष्णतेने शाई उडते, मागची बाजू तपासता येत नाही आणि कागद पुन्हा बाहेर काढता येत नाही. साध्या कागदाच्या पाकिटात, वाळवी लागणार नाही अशा पत्र्याच्या पेटीत ठेवा. प्रमाणित नकला दोन काढा आणि एक धाकट्या भावाकडे द्या. नकलेच्या पाठीवर पेन्सिलीने एवढं लिहा: हा बुधा कोणता, त्याचा खसरा नंबर काय, आणि हे आपल्याला कोणी सांगितलं.