वारकऱ्यांच्या अंगात आलं तेव्हा

घरच्या गणपतीपुढे हलता देखावा करायचा घाट मी घातला. सहा वारकरी, प्रत्येकाच्या पायाशी एक एसजी-९० सर्वो मोटर, मागे तीस दिव्यांची रंगीत एलईडी पट्टी आणि सगळ्यांना नाचवायला एक आर्डुइनो उनो बोर्ड. आदल्या रात्री एकेकाला डोलवून पाहिलं, झकास. आरतीला सगळे एकदम सुरू केले आणि वारकऱ्यांच्या अंगातच आलं. गचके देत सगळे डावीकडे वळायचे, पट्टी विझायची, की पुन्हा गचके. आत्या टाळ्या थांबवून म्हणाली, "अरे, आवर यांना!"

दोन रात्री मी प्रोग्राम तपासला. चूक तिथे नव्हतीच. सगळ्या मोटारींच्या लाल वायरी मी बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेवर आणल्या होत्या. सगळ्या एकदम हलल्या की व्होल्टेज बसायचं, बोर्ड रीसेट व्हायचा, आणि पुन्हा सुरू होताच सहाही जणांना एकदम मूळ जागी खेचायचा. की परत रीसेट.

मग अतिशहाणपणा केला. बोर्डाच्या गोल सॉकेटात १२ व्होल्टचा अडॅप्टर खुपसला. तिथला रेग्युलेटर वरचे सात व्होल्ट नुसते तापण्यात घालवतो. अर्धा अँपिअर ओढला तरी साडेतीन वॅट, तेही नखाएवढ्या तुकड्यात! बोट लावलं आणि चटका बसला.

हिशेब आधी मांडायला हवा होता. अडकलेली एसजी-९० साधारण ६५० मिलिअँपिअर ओढते. सहांचे झाले जवळपास चार अँपिअर. पट्टीतला एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपिअर, तिसांचे १.८ अँपिअर. आणि बोर्डावरचा यूएसबीचा फ्यूज ५०० मिलिअँपिअरचा. बोर्ड हा मुकादम. मजुरांची भाकरी त्याच्या डब्यातून निघत नाही.

पुण्यात पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन ५ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे वेगळा वीजपुरवठा, आणला. मोटारी आणि पट्टी थेट त्यावर, बोर्ड वेगळ्या चार्जरवर. तरी वारकरी थरथरतच होते. दुकानदाराला फोन केला. त्याने एवढंच विचारलं, "ग्राउंड जोडलंय का?" नव्हतं. बोर्ड पाच व्होल्टचा सिग्नल देतो, पण कुठून मोजून पाच, हे मोटारीला कळायला दोघांचं ग्राउंड एक लागतं. एक काळी वायर टाकली, थरथर गेली. दोन्हीकडचे पाच व्होल्ट मात्र एकमेकांना जोडू नका.

पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, उलटसुलट नीट बघून. ब्रेडबोर्डच्या बारीक जंपरमधून चार अँपिअर नेऊ नका, जाड वायर घ्या. शेवटचे दिवे पांढऱ्याऐवजी पिवळट दिसले तर पट्टीला दुसऱ्या टोकानेही पुरवठा द्या. एसएमपीएसच्या उघड्या स्क्रूंवर २३० व्होल्ट असतात. आमच्याकडे मखरामागे दूर्वांचं पाणी ठिबकतं आणि पोरं मोदक शोधत हात घालतात, म्हणून मी तो झाकणाच्या डब्यात बसवला, हवेला भोकं ठेवून.