शिवणीची धावपट्टी

अकोल्याहून मूर्तिजापूरकडे निघालो की शिवणी गाव लागते. तेथे विमानतळ आहे. आपल्याकडची म्हातारी माणसे विमानाला ‘इमान’ म्हणतात. मग हे इमान शिवणीला आले कसे?

दुसरे महायुद्ध 1939 साली सुरू झाले. 1942 साली जपानने ब्रह्मदेश घेतला. ब्रह्मदेश म्हणजे आपला शेजारी. लढाई दाराशी आली. तेव्हा इंग्रज सरकारने देशात जागोजागी विमानांसाठी पट्ट्या बांधल्या. शिवणीची पट्टी 1943 सालची. 1945 साली लढाई संपली. पट्टी मात्र राहिली.

धावपट्टी म्हणजे विमानाचा पक्का, सपाट, सरळ रस्ता. चिमणी बसल्या जागेवरून उडते. विमानाला ते जमत नाही. ते आधी जोराने धावते. पुरेसा वेग आला की वारा पंखांना उचलून धरतो. विमान जड, तर धाव लांब. त्यात आपला वऱ्हाडचा उन्हाळा! हवा तापली की विरळ होते. पंखांना आधार कमी मिळतो. मग आणखी धावावे लागते.

आता हिशेब करू. शिवणीची पट्टी सुमारे 1400 मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा कोस. अमरावतीजवळ बेलोऱ्याचा विमानतळ 1992 सालचा. त्याची पट्टीही आधी आखूडच होती. ती वाढवून 1850 मीटर केली. 16 एप्रिल 2025 रोजी तेथून मुंबईचे विमान सुरू झाले. धाकटी पुढे गेली, थोरली वाट पाहत राहिली. दोघींत फरक 450 मीटरचा!

मग शिवणीची पट्टी वाढवायला काय लागते? जमीन लागते. शेजारी कृषी विद्यापीठाची जमीन आहे, लोकांचीही आहे. म्हणून हा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला.

विमान यावे असे आपल्या सर्वांनाच वाटते. पण ज्याचे शेत जाते, त्याचे काय? 2013 च्या भूसंपादन कायद्यात त्याला हक्क दिला आहे. पहिली अधिसूचना निघाली की 60 दिवसांच्या आत लेखी हरकत देता येते. पण अधिसूचना वाचताच आली नाही, तर 60 दिवस असेच निघून जातात. म्हणून आपला सातबारा आपण वाचावा. गट नंबर पाहावा, क्षेत्र पाहावे. अंगठा उठवण्याआधी कागदावर काय आहे ते समजून घ्यावे.

शब्दार्थ
विरळ – दाट नसलेली
अधिसूचना – सरकारने काढलेली जाहीर सूचना
हरकत – आपला विरोध किंवा तक्रार

प्रश्न
1. शिवणीची पट्टी कोणत्या साली बांधली? का?
2. उन्हाळ्यात विमानाला जास्त का धावावे लागते?
3. तुमच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर पाहा आणि वहीत लिहा.